पोकलेनचं पोट दुखतं तेव्हा...

मुलांनो, रस्त्याचं किंवा कालव्याचं काम चालू असलं, की तिथं थांबून पोकलेन बघायला कुणाला आवडत नाही? तो लांबलचक हात खाली वाकतो, बकेट मातीत घुसते आणि एका घासात केवढा तरी ढीग उचलते! बघता बघता शाळेची घंटा झालेलीही कळत नाही.

या यंत्रांच्या नावांची एक गंमत सांगते. पोकलेन हे खरं तर फ्रान्समधल्या एका कंपनीचं नाव. आणि जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरं. या बॅमफर्ड यांनी १९४५ साली भाड्याच्या एका छोट्या गॅरेजमध्ये आपलं काम सुरू केलं होतं. आपण मात्र ही नावं यंत्रांनाच देऊन टाकली!

तर असं हे भलंमोठं धूड आजारी पडलं तर? तुमचं पोट दुखलं, की तुम्ही आईला सांगता. यंत्र कुणाला सांगणार?

तेही सांगतं, बरं का! त्यासाठी त्याच्या अंगावर ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. कुणी पाण्याची उष्णता मोजतो, कुणी ऑइलचा दाब. ही मापं वायरमधून यंत्रातल्या छोट्या कॉम्प्युटरकडे जातात. काही बिघडलं, की कॉम्प्युटर ऑपरेटरच्या समोरच्या पडद्यावर दिवा लावतो आणि आकडे दाखवतो. उदाहरणार्थ, ११० आणि ३. यालाच 'फॉल्ट कोड' म्हणतात.

पहिला आकडा सांगतो, तक्रार कशाबद्दल आहे. ११० म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान. १०० म्हणजे इंजिनातल्या ऑइलचा दाब. दुसरा आकडा सांगतो, तक्रार काय आहे. ० म्हणजे माप धोक्याइतकं जास्त. १ म्हणजे धोक्याइतकं कमी. ३ म्हणजे सेन्सरच्या वायरवर व्होल्टेज नको तितकं जास्त आणि ४ म्हणजे नको तितकं कमी. अमेरिकेतल्या वाहन-इंजिनीअरांच्या संस्थेनं ही आकड्यांची भाषा ठरवली. तिचं नाव जे-१९३९. जगभरच्या अनेक अवजड यंत्रांत ती वापरतात. काही कंपन्या त्याशिवाय आपले स्वतःचे कोडही देतात.

आता नीट लक्ष द्या. ११०-० आणि ११०-३ हे दोन कोड दिसायला भावंडं, पण अर्थ अगदी वेगळा!

समजा, मॉनिटर म्हणाला, "बाई, आज वर्गात पाच मुलं आजारी आहेत." हे खरं असू शकतं. बाई लगेच चौकशी करतील. पण तो म्हणाला, "बाई, आज वर्गात पाचशे मुलं आहेत," तर? मुलं वाढली नाहीत, मोजण्यातच काहीतरी घोटाळा आहे, हे बाई ओळखतील. ११०-० मध्ये पाणी खरंच तापलेलं असतं. ११०-३ मध्ये निरोप देणाऱ्यातच गडबड असते.

कॉम्प्युटरला हे कळतं कसं? पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरमध्ये थर्मिस्टर नावाचा एक छोटा तुकडा असतो. तो गार असला, की विजेला जास्त अडवतो. तापला, की कमी अडवतो. नेहमीच्या एका प्रकारात २० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच हजार ओहम रोध असतो, तर १०० अंशाला दोनशेच्या आसपास. (उष्णतेनं रोध कमी होतो, ही गोष्ट मायकेल फॅरेडे यांनी १८३३ साली चांदीच्या एका संयुगात पाहिली होती.) कॉम्प्युटर या सेन्सरकडे ५ व्होल्ट पाठवतो. पाणी गार असलं तर वायरवर व्होल्टेज जास्त राहतं, पाणी तापलं की ते उतरतं. पण वायरच तुटली तर? मग व्होल्टेज थेट पाचाजवळ जाऊन बसतं. इतकं गार पाणी असूच शकत नाही, हे कॉम्प्युटरला माहीत असतं. म्हणून तो ३ दाखवतो.

आणि इथंच अनेकांची फसगत होते. कोडमध्ये ११० दिसलं, की ते म्हणतात, "सेन्सर गेला, नवा आणा!" नवा सेन्सर येईपर्यंत यंत्र उभं. त्यावर काम करणारी माणसं बसून. पैसे जातात ते वेगळेच. आणि नवा सेन्सर लावल्यावरही दिवा तसाच! कारण उंदरानं कुरतडलेली वायर कुणी पाहिलेलीच नसते.

चांगले मेकॅनिककाका आधी कोड वहीत लिहून घेतात. मग यंत्र बंद करून सेन्सरचा कनेक्टर बघतात. आत पाणी, चिखल, गंज आहे का? वायर कुठं घासली आहे का? पुष्कळदा दुखणं इथंच सापडतं. नाही सापडलं, तर ते एक युक्ती करतात. कोड ४ असेल, तर सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवतात आणि चावी फिरवून पुन्हा कोड बघतात. आता वायर जणू तुटलेलीच आहे. त्यामुळे ४ जाऊन ३ यायला हवा. तो आला, तर वायर ठीक आणि दोष सेन्सरमध्ये! पान्यापेक्षा विचारानं झालेलं हे काम, नाही का?

यंत्रातले कॉम्प्युटर एकमेकांशीही बोलतात. त्यासाठी बॉश या जर्मन कंपनीनं १९८६ साली 'कॅन' नावाची पद्धत जगापुढं आणली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध. समांतर जोडणी शिकलेल्या ताई-दादांनी सांगावं, यंत्र बंद करून मोजलं तर किती भरेल? बरोबर, ६०! मीटरनं १२० दाखवले, तर एका टोकाचा रोध तुटला आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. १००-१ हा कोड आला, तर ऑपरेटरदादांनी यंत्र ताबडतोब थांबवायचं असतं. ऑइलचा दाब गेला, की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकतं. "दिवा उगीच लागतोय," म्हणून सेन्सरची वायर कापणं म्हणजे ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे. यंत्र गप्प बसेल, पण बरं होणार नाही.

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' हा अभ्यासक्रम आहे. या कामात आता हात काळे होतात तितकंच डोकंही चालवावं लागतं. गणित आवडणाऱ्या मुला-मुलींनी त्याकडे जरूर बघावं. मात्र मुलांनो, चालू यंत्राच्या जवळ जायचं नाही. लांबूनच बघायचं!

जाता जाता एक कोडं. पडद्यावर ११०-४ आहे. मेकॅनिककाकांनी सेन्सरचा कनेक्टर काढला, तरी ४ तसाच राहिला. दुखणं कुठं आहे? आधी स्वतः विचार करा, मगच खाली बघा.

उत्तर : सेन्सर काढूनही व्होल्टेज वर गेलं नाही, म्हणजे सेन्सरचा दोष नाही. वायरचं आवरण घासून ती यंत्राच्या लोखंडाला कुठंतरी टेकली असणार. आधी वायरच तपासायची!