दगडी रोग, ओव्याचे तेल व प्रतिजैविक औषधे

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत कुकडी व घोड या नद्यांचे पाणी कालव्यांनी शिवारात फिरू लागल्यापासून हिरवा चारा वाढला व त्याबरोबर संकरित दुभत्या गाईही वाढल्या. भरपूर दूध देणाऱ्या गाईस कासेचा दाह, म्हणजे आपण ज्यास दगडी म्हणतो तो रोग, अधिक जडतो. दुधात गुठळ्या येतात, कास तापून टणक होते, आणि हयगय झाल्यास त्या सडाचे दूध कायमचे आटते. प्रतिजैविक औषधाने पूर्वी येणारा गुण आता कित्येकदा येत नाही. अशा वेळी ओवा, लवंग इत्यादिकांच्या तेलांची साथ औषधास देता येईल काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम औषध का हरते ते पाहू. पेनिसिलीनचा शोध 1928 साली लावणाऱ्या फ्लेमिंग यांनीच, अपुऱ्या मात्रेने जंतू औषधास दाद देईनासे होतील, असा इशारा 1945 साली दिला होता. काही जंतू पेनिसिलीन तोडून टाकणारे द्रव्य तयार करतात. काही जंतू आत शिरलेले औषध मोटेने पाणी उपसावे तसे बाहेर उपसून टाकतात. पाच दिवसांचे औषध दोन दिवसांतच थांबविले म्हणजे दुबळे जंतू मरतात व चिवट तेवढे उरतात. उत्तम कणसे निवडून बी धरावे, त्याप्रमाणे आपणच चिवट जंतूंचे बी राखतो.

आता तेलांविषयी. ओव्याच्या तेलातील मुख्य द्रव्य थायमॉल. यासच आपण ओव्याचे फूल म्हणतो. लवंगेच्या तेलात युजेनॉल व गवती चहाच्या तेलात सिट्राल असते. ही द्रव्ये जंतूच्या अंगावरील स्निग्ध पापुद्र्यात शिरून तो सैल करतात. त्यामुळे आतील क्षार पाझरतात, उपसण्याची शक्ती मंदावते व औषधास आत वाट मिळते.

हा जोडपरिणाम प्रयोगशाळेत मोजता येतो. समजा, एकट्या औषधाचे आठ भाग लागत होते, तेथे तेलाच्या जोडीने दोनच पुरले, आणि तेलही एकट्याने लागणाऱ्या मात्रेच्या चौथाईवर भागले. तर पाव व पाव मिळून अर्धा होतो. बेरीज अर्धा किंवा त्याहून कमी आली तरच ती खरी साथ समजतात. चाराच्या वर गेल्यास दोन्ही परस्परांस मारक ठरतात. म्हणून कोणतेही तेल कोणत्याही औषधात मिसळून चालत नाही.

परंतु काचेच्या बशीतील यश म्हणजे कासेतील यश नव्हे. दुधातील स्निग्धांश व प्रथिने तेलास बांधून टाकतात व त्याचा जोर कमी होतो. तो भरून काढण्यासाठी मात्रा वाढविली तर सडाचे नाजूक अस्तर भाजते व दुधास वास लागतो. शिवाय पीक, जमीन व ऊर्ध्वपातनाची रीत यांप्रमाणे तेलाचा कस बदलतो. सबब घरगुती तेल सडात सोडणे हा उपाय नव्हे, अपाय आहे.

मग शेतकरी बंधूंनी करावे काय? धार काढण्यापूर्वी हात व कास स्वच्छ करून कोरडी करावी. धार झाल्यावर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत व गाईपुढे वैरण टाकून तिला अर्धा तास उभी ठेवावी, कारण तेवढा वेळ सडाची तोंडे उघडी असतात. दाह दिसताच, औषध देण्यापूर्वी, पशुवैद्याकडून दुधाचा नमुना तपासून घ्यावा. पुण्यास औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. कोणते औषध त्या जंतूंवर चालते हे कळल्यावर तेच, पूर्ण मुदतीपर्यंत द्यावे. आणि वेष्टनावर सांगितलेले दिवस भरेपर्यंत ते दूध डेअरीस घालू नये, घरीही वापरू नये.

तेल औषधास वाट करून देईल, असे प्रयोग सांगतात. ते औषधाची जागा घेईल, असे सांगत नाहीत. कासेसाठी सुरक्षित व सिद्ध मिश्रण हाती येईपर्यंत आहे त्या औषधांचा गुण टिकविणे आपल्याच हाती आहे. तो एकदा गेला म्हणजे गाईच्याच नव्हे, घरच्या माणसांच्या दुखण्यातही तो उपयोगी पडणार नाही.