छंदाच्या साइटचे मेल थांबतच नाहीत? चला, एकदा नीट आवरूया

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा बसमध्ये हेडफोन विसरले, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना सुटलेले एक-दोन मुद्दे इथे जोडलेत.

सुरुवात तामलवाडीपासून करतो. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं हे गाव. माझा चुलतभाऊ तिथं राहतो, पदवी झालीय, नोकरी शोधतोय. मध्यंतरी नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाऊन आला आणि त्याला पक्ष्यांचं वेड लागलं. हिप्परग्याच्या तलावावर सकाळी जायचं, मोबाइलवर फोटो काढायचे आणि पक्ष्यांचे फोटो टाकायच्या एका साइटवर चढवायचे. छान छंद आहे. पण त्या साइटवरून रोज चाळीस-पन्नास मेल यायला लागले. कुणीतरी फोटो आवडला म्हटलं, मेल. कुणी नवीन फोटो टाकला, मेल. आठवड्याचा सर्वोत्तम पक्षी, परत मेल.

हळूहळू त्याने मेल उघडणंच सोडलं. त्याच काळात एका कंपनीकडून ऑनलाइन परीक्षेची लिंक आली. मुदत ४८ तासांची. याने ती पाहिली तिसऱ्या दिवशी.

घरात निकाल लगेच लागला. काकू म्हणाली, "पाखरं बघत बसला अन् परीक्षा गेली." भाऊ मला फोनवर म्हणाला, "दादा, मी तीनदा अनसबस्क्राइब केलो, तरी येतंयच की!"

मला यात थोडं अपराधी वाटलं. कारण असे मेल पाठवणारा कोड मी स्वतः लिहिलाय. म्हणून आज आतली बाजू सांगतो.

मेल येतात कुठून?

तुम्ही साइटवर खातं उघडता तेव्हा डेटाबेसमध्ये तुमच्या नावापुढे एक यादी तयार होते. लाइक आला की मेल: हो. कमेंट आली की मेल: हो. साप्ताहिक सारांश: हो. तुम्ही काही निवडलेलं नसतं. बऱ्याच साइटवर सुरुवातीचं उत्तरच "हो" ठेवलेलं असतं, कारण मेल पाहून माणूस साइटवर परत येतो. पुढे काहीही घडलं की प्रोग्रॅम ती यादी बघतो आणि "हो" दिसलं की मेल रांगेत टाकतो. कुणी माणूस बसून हे पाठवत नाही.

या मेलचे ढोबळ चार प्रकार धरा:

१. खात्याचे मेल: ओटीपी, पासवर्ड बदल, नवीन लॉगिनची सूचना. हे बंद करायचे नाहीत.
२. घडामोडींचे: लाइक, कमेंट, नवा फॉलोअर.
३. सारांशाचे: रोजचा किंवा आठवड्याचा आढावा.
४. ओढून आणणारे: "बरेच दिवस दिसला नाहीत" छापाचे आणि जाहिरातीचे.

आता भावाचं कोडं सुटतं. मेलच्या तळाशी असलेली अनसबस्क्राइबची लिंक अनेकदा फक्त त्या एका प्रकारापुरती असते. त्याने तीनदा दाबलं, तीन प्रकार बंद झाले. यादीतले बाकीचे "हो" तसेच राहिले.

पायरी पहिली: मुळाशी जा

साइटवर लॉगिन करा, सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन उघडा, त्यात ईमेलचा वेगळा भाग शोधा. वेगळा म्हणतोय, कारण फोनवर टिंग वाजणारं नोटिफिकेशन आणि मेल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ॲप म्यूट केलं तरी मेल येत राहतात. ॲप काढून टाकलं तरी येतात, कारण खातं तिकडे सर्व्हरवर जिवंत असतं.

सगळंच बंद करायची गरज नाही. "लगेच"ऐवजी "दिवसातून एकदा" असा पर्याय आहे का बघा. पक्षीनिरीक्षकांच्या ई-बर्डवर दुर्मीळ पक्ष्यांच्या सूचना दर तासाला हव्यात की दिवसातून एकदा, हे आपल्याला निवडता येतं. चाळीस मेलचा एक मेल झाला तर छंदही टिकतो आणि इनबॉक्सही.

पायरी दुसरी: वरचं बटण

जीमेलमध्ये काही मेलच्या वरच्या भागात, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ, अनसबस्क्राइबचं बटण दिसतं. मेलसोबत जी माहिती लपून येते, तिच्यातल्या एका ओळीवरून जीमेल ते दाखवतं. या ओळीचं मानक १९९८ सालचं आहे आणि एका टिचकीत काम व्हावं म्हणून त्याला २०१७ मध्ये जोड मिळाली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं. जीमेलच्या हिशोबात मोठा म्हणजे जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणारा. विनंती आल्यावर दोन दिवसांत मेल थांबले पाहिजेत, असंही त्यात आहे.

म्हणजे चार हौशी लोकांनी चालवलेली छोटी साइट या सक्तीत बसतेच असं नाही. तिथे हे बटण दिसलं नाही तर लगेच शंका घेऊ नका. पहिल्या पायरीवर परत जा.

स्पॅम दाबू का?

हा सगळ्यांचा लाडका उपाय. पण जिथे आपण स्वतः खातं उघडलंय, तिथे शक्यतो नको. एकतर उद्या पासवर्ड विसरलात तर रीसेटचा मेलही स्पॅममध्ये जाऊन पडू शकतो. दुसरं, स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोचू देऊ नका, असं गूगल पाठवणाऱ्यांना सांगतं. म्हणजे हजार मेलमागे फक्त तीन तक्रारी! आपण रागात दाबलेल्या बटणामुळे त्या छोट्या साइटचे मेल दुसऱ्यांनाही मिळेनासे होऊ शकतात.

उलट, जिथे कधी खातंच उघडलं नाही तिथून मेल आला तर अनसबस्क्राइब अजिबात दाबू नका. त्या लिंकवरून फसवणुकीच्या पानावर नेऊ शकतात आणि हा पत्ता वापरात आहे हेही त्यांना कळतं. तिथे सरळ स्पॅम. थोडक्यात: ओळखीचा असेल तर अनसबस्क्राइब, अनोळखी असेल तर स्पॅम.

पायरी तिसरी: फिल्टर

साइट ऐकतच नसेल तर फिल्टर लावा. जीमेलच्या ॲपमध्ये फिल्टर तयार करता येत नाही, त्यासाठी कॉम्प्युटर लागतो. मोबाइलच असेल तर ब्राउझरमध्ये "डेस्कटॉप साइट" निवडून जीमेल उघडा. पाठवणाऱ्याचा पत्ता टाका, "स्किप द इनबॉक्स" निवडा आणि "छंद" नावाचं लेबल लावा. मेल येतील, पण त्यांच्या खोलीत जाऊन बसतील.

याच्याच उलटही करा. ज्या कंपन्यांकडे किंवा भरती मंडळांकडे अर्ज केलाय, त्यांच्या पत्त्यांना "नेव्हर सेंड इट टू स्पॅम" आणि तारा लावणारा फिल्टर ठेवा. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालेल्या गर्दीत आपला माणूस शोधायचा असेल, तर त्याच्या हातात आधीच झेंडा द्यावा, तसं.

पुढच्या वेळी आधीच काळजी

नवीन साइटवर खातं उघडताना जीमेलच्या पत्त्यात नावानंतर अधिकचं चिन्ह आणि एक शब्द टाका, उदाहरणार्थ इंग्रजीत बर्ड्स. मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये येतो, पण कोणत्या पत्त्यावर आला ते दिसतं, त्यावर फिल्टर लावता येतो. पत्ता कुठून फुटला तेही कळतं. काही साइट हे चिन्ह घेत नाहीत, तिथे छंदासाठी दुसरा मेल आयडी वापरा. छंद सुटला असेल तर खातं डिलीट करा, नुसतं ॲप काढून उपयोग नाही.

बरेच जण विचारतात, १९०९ वर डीएनडी केलं तर? ते कॉल आणि एसएमएससाठी आहे, मेलसाठी नाही. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक तत्त्व आहे: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे, पण साइटला लिहिताना हे वाक्य जरूर वापरा.

मागच्या खेपेला तामलवाडीला गेलो तेव्हा भावासोबत बसून हे सगळं केलं. पाऊण तास लागला. साइटच्या सेटिंग्जमध्ये अकरा "हो" होते, त्यातला एकच ठेवला: कुणी पक्ष्याचं नाव चुकलंय असं सांगितलं तर. हुकलेली परीक्षा काही परत आली नाही. कंपनीला मेल लिहिला होता, उत्तर नाही. पण आता तो सकाळी इनबॉक्स उघडतो तेव्हा सहा-सात मेल असतात आणि तो ते वाचतो. मग हिप्परग्याला जातो. काकू अजून कुरकुरते, पण डबा बांधून देते.

तुम्ही आज एवढंच करा: ज्या साइटचे मेल सगळ्यात जास्त येतात, ती एकच साइट उघडा आणि यादीत किती "हो" आहेत ते मोजा. आकडा आम्हाला व्हॉइस नोटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात!