नांदूरमध्यमेश्वर: बंधाऱ्याच्या गाळावर वसलेले पक्षीजग

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात कादवा नदी गोदावरीला मिळते. या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजी अमलात, एक बंधारा बांधण्यात आला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पाऊस तोकडा, म्हणून वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचे आणि येवला, कोपरगाव, राहाता भागातल्या शेतीला पुरवायचे, एवढाच त्यामागचा हेतू. पक्ष्यांचा विचार त्या आराखड्यात कुठेच नव्हता. आज मात्र नांदूरमध्यमेश्वर हे नाव महाराष्ट्रभर ओळखले जाते ते तिथल्या पक्ष्यांमुळे.

हे घडवले गाळाने. पावसाळ्यात गोदावरी आणि कादवा तांबडेलाल पाणी घेऊन येतात. बंधाऱ्यामागे त्या पाण्याचा वेग मोडतो आणि माती खाली बसते. शंभर वर्षांहून अधिक काळ हे चालू आहे. त्यामुळे जलाशय उथळ झाला, त्यात मातीची बेटे वर आली, बेटांवर लव्हाळी आणि पाणकणीस माजले. साठवणक्षमता घटली, म्हणून सिंचनाच्या हिशेबात हा तोटाच. पण पाणपक्ष्यांना हवे असते ते नेमके असेच पाणी. खोल धरणाच्या तळापर्यंत ऊन पोहोचत नाही, तिथे वनस्पती कमी आणि खाणेही कमी. घोटाभर, गुडघाभर पाण्यात ऊन तळाशी जाते, पाणवनस्पती वाढतात, त्यांच्यावर गोगलगायी, किडे, माशांची पिले पोसली जातात. शिवाय पाण्याने वेढलेल्या बेटावर कुत्रा-कोल्हा सहज पोहोचत नाही, त्यामुळे रात्रीचा मुक्काम निर्धोक होतो.

पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी या जागेचे महत्त्व ओळखून तिला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले होते. ही तुलना वरवरची नाही, कारण राजस्थानातले भरतपूरही माणसाने बांध घालून पाणी अडवल्यामुळेच पक्ष्यांचे झाले. १९८६ साली राज्य सरकारने नांदूरमध्यमेश्वरला अभयारण्याचा दर्जा दिला. त्याचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे आणि त्यात पाण्याबरोबर गावे आणि शेतेही येतात. २०१९ मध्ये यातील १,४३७ हेक्टरच्या पाणथळ भागाची रामसर स्थळांच्या यादीत नोंद झाली आणि जानेवारी २०२० मध्ये ती जाहीर झाली. इराणमधील रामसर गावी १९७१ साली झालेल्या करारानुसार जगभरातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी ठेवली जाते. तिच्यात जागा मिळवणारे हे महाराष्ट्रातले पहिले ठिकाण, लोणार आणि ठाणे खाडी त्यानंतर आली. येथे प्राणी-वनस्पती मिळून ५३६ प्रजातींची नोंद आहे. चंदन आहे, बिबट्या आहे आणि अतिसंकटग्रस्त असा देवळाली मिनो नावाचा लहानसा मासाही आहे.

निरीक्षण मनोऱ्यावरून दुर्बिणीतून पाहताना पहिल्यांदा नुसती गर्दी दिसते. थोडा वेळ गेला की कळते, गर्दीतला प्रत्येक जण आपापल्या खोलीचे पाणी धरून आहे. अगदी काठाच्या चिखलात धोबी आणि तुतवार पळापळ करतात. त्यांच्या पुढे, पाय बुडतील एवढ्या पाण्यात, लाल काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या सावकाश चालतो. आणखी खोल पाण्यात चमचा पक्षी आपली चपटी चोच किंचित उघडी ठेवून डावी-उजवीकडे फिरवत राहतो आणि चोचीला काही लागले की मिटतो. चित्रबलाकाची रीत जवळपास तशीच, फक्त तो चोच बुडवून बराच वेळ थांबतो आणि एका पायाने तळ ढवळून मासे उठवतो. राखी बगळा यातले काहीच करत नाही, निश्चल उभा राहतो. लालसरीला मात्र यापेक्षा खोल पाणी लागते, कारण ती बुडी मारून तळाचे खाणे काढते.

बदकांमध्ये थापट्या जरा वेळ देऊन पाहण्यासारखा आहे. त्याची चोच टोकाला फावड्यासारखी रुंद असते आणि तिच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. चोच पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवून तो पुढे सरकतो, पाणी आत घेतो, कडांनी बाहेर सोडतो आणि आत अडकलेले सूक्ष्म जीव गिळतो. कित्येकदा दहा-वीस थापटे एकमेकांच्या मागे लागून गोल फिरू लागतात. त्या फिरण्याने खालचे पाणी वर येते आणि पुढच्याने ढवळलेले मागच्याच्या चोचीत जाते. जवळच असणारे हळदी-कुंकू बदक इथलेच, वर्षभर राहणारे. चोचीचे पिवळे टोक आणि बुडाशी लाल ठिपके या खुणेवरून नवशिक्यालाही ते ओळखता येते. तलवार बदके, चक्रवाक आणि लालसरी मात्र पाहुणे आहेत.

हे पाहुणे मध्य आशियाई उड्डाणमार्गाने, म्हणजे सायबेरिया, मंगोलिया, तिबेट या प्रदेशांतून हिमालय ओलांडून येतात. तिकडचे तलाव गोठले की खाणे संपते, म्हणून हा प्रवास. त्यात पट्टकादंब हंसाचे काम सर्वांत कठीण म्हणावे लागेल. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा राखाडी हंस तिबेट, मंगोलिया आणि आपल्या लडाखमधील सरोवरांकाठी वीण घालतो. पाठीवर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासांत तो ७,००० मीटरहून अधिक उंचीवर उडताना नोंदला गेला आहे. तिथल्या विरळ हवेतही त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट पकडून ठेवते, म्हणून हे उड्डाण शक्य होते. एवढे अंतर कापून आलेला पक्षी निफाडच्या शिवारात गवत आणि कोवळी पिके चरतो, आणि ज्यांच्या पिकावर तो उतरतो त्यांना तो नकोसा वाटला तर त्यात नवल नाही.

या सगळ्यांचे जगणे पाण्याच्या पातळीवर ठरते, आणि ती पातळी पक्ष्यांच्या सोयीने ठरत नाही. कालव्याला आवर्तन सुटले की पाणी उतरते. तुटीच्या वर्षी गोदावरीवरच्या जायकवाडी धरणासाठी नाशिकच्या धरणांतून पाणी सोडावे लागते, तेही याच बंधाऱ्यातून पुढे जाते आणि बहुधा पाहुणे पक्षी उतरत असतात त्याच दिवसांत. वीतभर पाणी चढले तरी शेकाट्या आणि तुतवार यांचा चिखल बुडतो, वीतभर उतरले तर बुडी मारणारी बदके दुसरीकडे सरकतात. आठवड्यापूर्वी हजारोंनी भरलेला कोपरा आज रिकामा दिसला तर पक्षी निघून गेले असा समज करून घेण्याचे कारण नाही, बहुतेक वेळा ते पलीकडच्या काठाला असतात. पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरवताना या उथळ कडेचाही विचार व्हायला हवा. पिकाचा आणि पिण्याचा हक्क आधी हे मान्य करूनही, आवर्तन एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडण्याने बरेच साधू शकते.

दुसरे संकट वरच्या अंगाने येते. नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीत मिसळते आणि त्यातल्या पोषकद्रव्यांवर पानवेली, म्हणजे जलपर्णी, फोफावतात. पुरात त्यांचे गालिचे वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतात, उरलेल्या बंधाऱ्यापर्यंत पोहोचतात. थोड्या पानवेली कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबडीला उपयोगी पडतात. पण पाणी पूर्ण झाकले गेले की खालचे ऊन आणि प्राणवायू तुटतो, मासे कमी होतात आणि बदकांना उतरायला मोकळे पाणीच उरत नाही. दरवर्षी त्या काढाव्या लागतात. सांडपाणी नदीत येणे थांबत नाही तोवर हे काम संपणारे नाही.

अभयारण्य पाहायचे तर नाशिकहून निफाडमार्गे जाणे सोयीचे, अंतर साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. जवळचे रेल्वे स्थानक निफाड. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत आणि वनविभागाने तयार केलेले स्थानिक गाइडही तिथे मिळतात. गाइड घ्यावाच. आज पाणी कुठे आहे आणि पक्षी कुठे सरकलेत हे रोज काठावर असणाऱ्यालाच ठाऊक असते, शिवाय पक्ष्यांवर गावातल्या चार घरांची चूल पेटली की ते टिकावेत असे गावालाही वाटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. उजाडता उजाडता पोहोचावे, कारण ऊन चढले की पक्षी सुस्तावतात आणि पाण्यावरच्या तापलेल्या हवेमुळे दुर्बिणीत सगळे थरथरते. मात्र थंडीची तयारी हवी. हिवाळ्यात महाराष्ट्रातले नीचांकी तापमान अनेकदा निफाड तालुक्यातच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले जाते, आणि त्या दिवसांत द्राक्षबागायतदार बागांमध्ये शेकोट्या पेटवताना दिसतात. धुके असेल तर पहिला तासभर आवाजच ऐकावे लागतात.

कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत, सूर्य पाठीशी ठेवावा. आठ किंवा दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते, पण लांबच्या थव्यांसाठी गाइडजवळची स्पॉटिंग स्कोप फार कामाची. फोटोसाठी थव्याच्या दिशेने चालत जाणे, दगड मारून पक्षी उडवणे, मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवणे हे प्रकार कडकपणे टाळायला हवेत. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आला की सारा थवा उठतो आणि त्यात त्याची बरीच शक्ती खर्च होते. शिकारी पक्ष्याला तो अधिकार आहे, पर्यटकाला नाही. हिवाळाभर खाऊन साठवलेल्या चरबीवरच या पाहुण्या पक्ष्यांना परतीचा हिमालय ओलांडायचा असतो.

मार्चअखेर पाहुणे निघून जातात, पण अभयारण्य ओस पडत नाही. पावसाळ्यात लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची वीण असते. तरंगत्या पानांवर घातलेली चार अंडी नर उबवतो आणि पिलेही तोच सांभाळतो, मादी दुसऱ्या नराकडे जाऊन पुन्हा अंडी घालते. हे पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी गंगापूर आणि दारणा धरणांतून किती विसर्ग चालू आहे याची चौकशी करूनच निघावे. वरून पाणी सुटले की चांदोरी-सायखेडा परिसरात पूर चढतो, रस्ते बंद होतात, आणि अशा वेळी काठावर उतरणे धोक्याचे असते.