मोटार विजेची, पण मीटर कोणाचा?

विजेवर चालणारी मोटार ही आता श्रीमंतांच्या कौतुकाची वस्तू राहिलेली नाही. पुण्याच्या कोणत्याही रस्त्यावर घटकाभर उभे राहावे, हिरव्या पाटीच्या चार-दोन गाड्या नजरेसमोरून निघून जातात. नोकरदार, शिक्षक, निवृत्त अधिकारी असे मध्यमवर्गीय लोक आज दुकानात जाऊन या गाड्यांची चौकशी करू लागले आहेत. तेथे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘एकदा भरली की किती पळते?’ आमच्या मते हा प्रश्न दुसरा असावयास पाहिजे. पहिला प्रश्न दुकानदारास नव्हे, स्वतःसच विचारावयाचा आहे, आणि तो असा की, ही गाडी रात्री जेथे उभी राहणार, तेथे वीज कोणत्या मीटरवरून येणार?

प्रथम निवडीचा विचार करू. बाजारात आज 17.3 युनिटांची बॅटरी असलेली कॉमेट आहे, 19.2 व 24 युनिटांची टियागो आहे, 38 युनिटांची विंडसर आहे, 45 युनिटांची नेक्सॉन आहे आणि 79 युनिटांपर्यंत जाणारी महिंद्रांची बीई 6 ही आहे. बॅटरी जितकी मोठी तितकी गाडी महाग व जड. जो गृहस्थ कोथरुडाहून हिंजवडीस जातो आणि परत येतो, त्याची रोजची धाव 30-40 किलोमीटरांची. त्यास पाच-सहा युनिट वीज पुरते, आणि ती साध्या 15 अँपियरच्या जोडणीवरून दोन तासांत भरते. वर्षातून चार वेळा कोल्हापूरला जावे लागते म्हणून वर्षभर दुप्पट बॅटरीचे ओझे वाहणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड! प्रवासापुरती वाटेवरच्या सार्वजनिक केंद्रावर वीज घ्यावी. तेथे युनिटास 20 रुपयांच्या आसपास मोजावे लागले तरी ते क्वचितचे.

किमतीचे पारडेही अलीकडे हलले आहे. विजेच्या गाडीवर 1 ऑगस्ट 2019 पासून 5 टक्के वस्तू-सेवा कर आहे. परंतु 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल व सीएनजी गाड्यांवरील कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीसाठी खरेदीच्या वेळी जे जादा मोजावे लागते, ते रोजच्या खर्चातून भरून निघाले पाहिजे. म्हणून त्या खर्चाचा हिशेब काटेकोर झाला पाहिजे.

तो हिशेब असा. महिन्याची धाव 1,000 किलोमीटर धरू. पेट्रोलची गाडी लिटरला 15 किलोमीटर देते आणि लिटरला 104 रुपये पडतात असे मानले, तर खर्च सुमारे 7,000 रुपये. सीएनजीची गाडी किलोस 25 किलोमीटर देते आणि किलोस 90 रुपये पडतात असे धरले, तर 3,600 रुपये. विजेच्या गाडीस, भरताना होणारी गळती जमेस धरून, मीटरवरचे एक युनिट सहा किलोमीटर नेते. म्हणजे महिन्यास सुमारे 170 युनिट लागतात. विक्रेता घरगुती विजेचा सर्वांत खालचा दर घेऊन ‘महिना अवघा हजार रुपये’ असे सांगतो आणि ग्राहक हरखून जातो.

येथेच घोडे पेंड खाते! घरगुती वीज एका दराने मिळत नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी महाग होत जाते. महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकात वहन आकारासह पहिल्या 100 युनिटांस 5 रुपये 88 पैसे, 101 ते 300 पर्यंत 11 रुपये 46 पैसे, 301 ते 500 पर्यंत 15 रुपये 72 पैसे आणि त्यापुढे 17 रुपये 81 पैसे असा दर होता. दरपत्रके बदलतात, पायऱ्यांची ही रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. पंखे, शीतकपाट आणि पाणी तापविण्याचे यंत्र यांतच ज्या कुटुंबाचे 250 युनिट खर्च होतात, त्याची स्वस्त पायरी गाडी येण्यापूर्वीच संपलेली असते. गाडीच्या 170 युनिटांपैकी 50 युनिटांस 11 रुपये 46 पैसे आणि उरलेल्या 120 युनिटांस 15 रुपये 72 पैसे पडतात. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. बेरीज होते सुमारे 2,850 रुपये. ज्याच्या घरी मुळातच 500 युनिट जळतात, त्यास हीच वीज 3,500 रुपयांस पडते. म्हणजे सीएनजीच्या खर्चाच्या तोडीस तोड! घी देखा, पण बडगा देखा नाही, अशी गत होते ती अशी.

मग विजेची मोटार घेऊच नये काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. वाहनभरणीसाठी वीज नियामक आयोगाने निराळा वर्ग ठेवला असून त्याचा दर घरगुती वापराबरोबर चढत नाही. त्या वर्गाचा मीटर घेतला आणि सर्व आकार धरून युनिटास 9 रुपये पडले असे मानले, तरी महिन्याचा खर्च 1,530 रुपयांवर राहतो. ज्याचे घर स्वतंत्र आहे, त्याचा मार्ग तर याहूनही सोपा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचास 78,000 रुपयांचे साहाय्य ठेवण्यात आले. असा संच महिन्यास 300 युनिटांच्या आगेमागे वीज देतो. त्यात घराचाही भार हलका होतो आणि गाडीचाही.

परंतु बहुसंख्य नागरिक बंगल्यात राहत नाहीत. ते सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहतात. त्यांच्या छपरावर त्यांचा एकट्याचा हक्क नाही आणि वाहनतळातील भिंतीत खिळा ठोकावयाचा तरी चिटणिसांची संमती लागते. केंद्र सरकारने 2018 मध्येच घरी वाहनभरणी करण्यास मोकळीक दिली. 22 फेब्रुवारी 2024 रोजी ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन वाहनभरणीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय झाली. नव्या जोडणीची मुदतही महानगरांत तीन दिवसांवर आणि अन्य नगरपालिका क्षेत्रांत सात दिवसांवर आली. कायदा तीन दिवसांची भाषा करतो आणि ना-हरकतीचा एक कागद तीन-तीन महिने कार्यकारी समितीच्या फडताळात पडून राहतो! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संस्थांची भीती सर्वस्वी निराधार आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. खिडकीतून सोडलेल्या लोंबत्या वायरीवरून कोणी गाडी भरू लागला, तर त्यास रोखणे हे समितीचे कर्तव्यच आहे. तथापि त्या भीतीवर उपाय नकार हा नव्हे. परवानाधारक ठेकेदाराकडून टाकलेली स्वतंत्र तार, योग्य भूजोडणी, गळती होताच प्रवाह तोडणारा खटका आणि ज्याच्या नावावर वीज त्याच्याच नावावर मीटर एवढे असले, म्हणजे शेजाऱ्याच्या जिवास धोका नाही आणि संस्थेच्या तिजोरीस तोशीस नाही. इमारतीचा एकूण वीजभार अपुरा पडत असेल, तर एकेका सभासदाशी भांडत बसण्यापेक्षा सर्वांनी मिळून तो एकदाच वाढवून घेणे शहाणपणाचे.

सरकारकडे आमची मागणी मोजकी आहे. 2025 च्या धोरणात द्रुतगती मार्गावर पथकरमाफी जाहीर झाली, हे ठीक झाले. पण पथकर महिन्यातून एकदा द्यावा लागतो आणि गाडी रोज रात्री भरावी लागते. संस्थेने अर्जास किती दिवसांत उत्तर द्यावे, नकार कोणत्या कारणास्तव देता येईल आणि उत्तर न आल्यास संमती गृहीत धरावी किंवा कसे, हे सहकार खात्याने एका आदेशाने स्पष्ट करावे. त्यास सरकारी तिजोरीतील एक पैही लागत नाही.

आणि नागरिकांस आमचे सांगणे एवढेच की, गाडीचा रंग निवडण्यापूर्वी घरातील मागच्या बारा महिन्यांची विजेची बिले पुढे घेऊन बसा. चिटणिसांकडे अर्ज द्या. लेखी संमती हाती पडली, म्हणजे मग दुकानाची पायरी चढा. मीटर आधी, मोटार नंतर. हा क्रम ज्याने पाळला, त्यास विजेची मोटार फळेल. ज्याने तो उलटा केला, त्याचा हिशेब महिन्याच्या अखेरीस महावितरणचे बिल त्यास समजावून सांगेल!