हनुवटीचा मार कानापुढे

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके सह्याद्रीच्या कुशीतले. पावसाळ्यात शेवाळलेले दगड आणि भातखाचरांचे निसरडे बांध, उन्हाळ्यात जांभळाच्या ठिसूळ फांद्या! मुले पडतात. पडताना हात पुढे आले नाहीत तर हनुवटी आधी जमिनीला लागते. जखमेला दोन टाके घातले की प्रकरण मिटले, असे सर्वांना वाटते. पण इजा कधीकधी दुसरीकडेच झालेली असते. कोठे, ते कळण्यासाठी चेहऱ्याची हाडे पाहू.

आपल्या कवटीत 22 हाडे आहेत. त्यांपैकी 8 मेंदूभोवती आणि 14 चेहऱ्यात. चेहऱ्यातील सहा हाडांच्या जोड्या आहेत: नाकाचा दांडा, डोळ्याच्या कोपऱ्यातील नखाएवढी अश्रू-अस्थी, गाल, वरचा जबडा, टाळूचा मागचा भाग आणि नाकपुड्यांच्या आतील शंखिका. श्वासाची हवा शंखिकांवरून जाताना उबदार व ओलसर होते. तोरण्यावरच्या थंड धुक्यातही फुप्फुसाला गार हवेचा थेट झटका बसत नाही तो यामुळे. उरलेल्या दोन हाडांपैकी एक नाकाच्या पडद्यात असते. त्याचे लॅटिन नाव आहे व्होमर, म्हणजे नांगराचा फाळ. आकार तसाच आहे, आणि आपल्या भागातील मुलांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वरचा जबडा भरीव नसतो. त्यात हवेची पोकळी असते आणि तिचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला असते. त्यामुळे सर्दीत तिच्यातील स्राव सहज निचरत नाही व गाल ठणकतो. वरच्या दाढांची मुळे या पोकळीला लागूनच असल्याने दात दुखतो आहे असाही भास होतो. असे पोकळ हाड मार बसला की ठराविक रेषांवर तुटते. या रेषा रने ल फोर या फ्रेंच शल्यवैद्याने 1901 मध्ये दाखवून दिल्या. आजही त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात.

आता चौदावे हाड, खालचा जबडा. चेहऱ्यातील हलणारे हाड हे एकच. कानाच्या भोकाच्या लगेच पुढे दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटांखाली जे सरकते ते जबड्याचे डोके. त्याखालची मान बारीक असते. हनुवटीवर बसलेला आघात हाडातून वर चढतो आणि बरेचदा या मानेशीच हाड मोडते. यात एक सोय आहे. मान मोडली नसती तर जबड्याचे डोके कवटीच्या पातळ तळात घुसण्याचा धोका होता.

मुलांच्या बाबतीत मात्र ही सोय महाग पडू शकते. जबड्याच्या वाढीत या डोक्यावरील कूर्चेचा मोठा वाटा असतो. तेथील मोड लक्षात आली नाही आणि सांध्यात रक्त साचले, तर काही मुलांत सांधा हळूहळू जखडतो. तोंड उघडत नाही, जेवण अवघड होते, हनुवटी मागे किंवा एका बाजूला राहते. हे दिसेपर्यंत काही वर्षे गेलेली असतात आणि मूळ पडणे घरात कोणाला आठवतही नाही.

म्हणून हनुवटी फुटलेल्या मुलाकडून शिक्षकांनी काही गोष्टी करून घ्याव्यात. दात नेहमीसारखे एकमेकांवर बसतात का? तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का? कानापुढे दाबल्यास दुखते का? यांपैकी एकही खूण दिसली तर टाक्यांवर न थांबता तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. गरज पडल्यास तेथून पुण्याला ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवतात. कानातून रक्त आले किंवा मूल बेशुद्ध झाले तर मुळीच वेळ घालवू नये. तोंडात रक्त असलेले मूल शुद्धीत असेल तर पुढे वाकवून बसवावे, उताणे निजवू नये. बेशुद्ध मुलाला मान न मुरडता कुशीवर वळवावे.

पडलेला दात कायमचा असेल तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलावा व दुधात घालून तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दूध तर वाडीवर कोणाच्याही घरी मिळते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.