समुद्रातले देऊळ



कोकणातली माणसे करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबायला गेली, तशीच उत्तर हिंदुस्थानातली कुटुंबे १८४५ पासून वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावर गेली.

त्यांच्यातल्याच सिवदास साधू या मळ्यातल्या मजुराने १९४७ साली वॉटरलू गावी, किनाऱ्यालगत देऊळ बांधले. पण जमीन साखर कंपनीची होती. १९५२ मध्ये देऊळ पाडले गेले आणि साधूंना १४ दिवसांची कैद व दंड झाला.

जमीन नाही, पण समुद्रावर कोणाचा सातबारा नाही! ओहोटी साधून साधू सायकलवरून बादल्यांनी दगड नेत. किनाऱ्यापासून सुमारे ५०० फुटांवर भर घालून त्यांनी एकट्याने पुन्हा देऊळ उभे केले. त्यात कित्येक वर्षे गेली. पुलगावकरांनो, वर्धेच्या पात्रात साधा बांध घालायचा तरी किती कष्ट पडतात, हे तुम्ही जाणताच.

लाटांनी झिजलेले हे देऊळ १९९५ साली, भारतीयांच्या आगमनाला १५० वर्षे झाली तेव्हा, नव्याने पक्के बांधले गेले.

आपल्या गावात देऊळ वा समाजमंदिर बांधायचे झाल्यास आधी सातबारा पाहा. कोणी जागा दिली तर बक्षीसपत्र नोंदवून घ्या. साधूंची जिद्द जरूर घ्यावी. त्यांच्यावर आलेली पाळी मात्र आपल्यावर येऊ देऊ नये.