विश्लेषण : पायदळाच्या ‘सारथ’ला वारसदार का मिळेना?

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात टी-९० रणगाड्यांबरोबर एक बुटके, बारीक नळीच्या तोफेचे वाहन दिसते. टीव्हीसमोर बसलेले अनेक जण त्यालाही रणगाडाच म्हणतात. ते आहे बीएमपी-२ ‘सारथ’, पायदळाचे लढाऊ वाहन. मूळ आराखडा सोव्हिएत संघाचा, १९८०च्या सुमाराचा. भारतात १९८७ पासून मेडकच्या आयुध निर्माणीत त्याची बांधणी होते. त्याची जागा घेणाऱ्या वाहनाची चर्चा दीड दशकाहून अधिक काळ सुरू आहे, पण ते वाहन अद्याप कागदावरच आहे. यात सरकारी दिरंगाई आहेच, पण त्याखेरीज वजनाचा एक खरोखर अवघड पेचही आहे.

रणगाड्यापेक्षा वेगळे काय?

रणगाडा फक्त लढतो, हे वाहन माणसे घेऊन लढते. चालक, तोफची आणि कमांडर असे तिघे आणि त्यांच्याबरोबर सात जवान. रणगाडे पुढे निघून गेले आणि पायदळ मागे राहिले, तर झुडपात दबा धरून बसलेला, खांद्यावरून रॉकेट डागणारा एखादा सैनिकही रणगाड्याला भारी पडतो. त्याला हुडकायला जवानच लागतात. १९६७ मध्ये मॉस्कोच्या लाल चौकात जगाला दिसलेल्या बीएमपी-१ने तोफ, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र आणि जवानांची वाहतूक एकाच वाहनात आणली. मात्र त्याची ७३ मिलिमीटरची तोफ अफगाणिस्तानात डोंगरकड्यांवरच्या लक्ष्याकडे पुरेशी उचलता येईना. बीएमपी-२ची ३० मिलिमीटरची तोफ ७० अंशांहून अधिक वर वळते.

भारतात यांत्रिकी पायदळ रेजिमेंट १९७९ मध्ये उभी राहिली. तिचे केंद्र अहिल्यानगरला आहे. हीच वाहने वापरणाऱ्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र नागपूरजवळ कामठीला. त्यामुळे ‘सारथ’मधून लढणारे जवान मोठ्या संख्येने महाराष्ट्रात शिकून बाहेर पडतात.

मागे बसणाऱ्यांना धोका किती?

सातपैकी सहा जवान मागच्या कप्प्यात, एकमेकांकडे पाठ करून बसतात. त्यांच्या पाठींच्या मधोमध डिझेलची मुख्य टाकी असते. ज्या दोन दारांतून त्यांनी बाहेर उडी मारायची, तीही पोकळ असून त्यांतही इंधन भरता येते. लढाईआधी दारांतल्या टाक्या रिकाम्या ठेवणे शहाणपणाचे, हे वापरणाऱ्यांना ठाऊक असते. डिझेल पेट्रोलसारखे पटकन भडकत नाही, एवढाच काय तो दिलासा. समोरचे चिलखत बरे असले, तरी बाजूचा पत्रा मुख्यतः रायफलच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांच्या कपच्या अडवण्यासाठी आहे. जड मशिनगनचा मारा जवळून झाला, तर तोही भेदला जाऊ शकतो.

अफगाणिस्तानात सोव्हिएत जवान सुरुंगांच्या भीतीने आत बसण्याऐवजी वाहनाच्या टपावर बसून प्रवास करू लागले. युक्रेन युद्धातही हे दृश्य वारंवार दिसले. संरक्षणासाठी बनवलेल्या वाहनाबाहेर बसणे जवानाला जास्त सुरक्षित वाटत असेल, तर आराखड्याबद्दल आणखी काय सांगायचे?

मग चिलखत वाढवत का नाहीत?

कारण ‘सारथ’ला पोहता आले पाहिजे. पंजाबच्या सीमेवर नद्या आणि कालव्यांचे जाळे आहे. तिथे पूल बांधून होण्याची वाट पाहणे म्हणजे शत्रूला वेळ देणे. बीएमपी-२ पाण्यात ताशी सुमारे ७ किलोमीटर वेगाने जाते. त्याचे वजन सुमारे १४.३ टन आहे, म्हणजे तरंगण्यासाठी त्याला साधारण १४.३ घनमीटर पाणी बाजूला सारावे लागते. लांबी ६.७ मीटर, रुंदी ३.१५ मीटर. या मापावर हिशेब केला, तर चिलखताचा प्रत्येक जादा टन वाहनाला साधारण पाच सेंटिमीटर खाली बुडवतो. मुळातच पाण्याबाहेर फार थोडा भाग राहतो. त्यामुळे चार-पाच टनांची भर म्हणजे पोहणे विसरायचे.

अमेरिकेने हा पेच सरळ सोडवला. ब्रॅडलीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या तयारीनिशी पाण्यात उतरू शकत. पुढे चिलखत वाढले आणि ती क्षमता सोडून देण्यात आली. युक्रेनमध्ये फटका बसून ब्रॅडली निकामी झाली तरी आतले जवान वाचल्याच्या अनेक घटना समोर आल्या. जर्मनीचे पूमा तर पूर्ण चिलखतासह सुमारे ४३ टनांचे आहे.

भारताला एवढे वजन परवडणारे नाही, याचे आणखी एक कारण लडाख. २०२० मध्ये गलवाननंतर हवाई दलाने सुमारे ३३० बीएमपी विमानांतून तिकडे पोहोचवल्याचे वृत्त आहे. हलके वाहन असल्यानेच ते शक्य झाले. मात्र तिथल्या विरळ हवेत टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाचा जोर घटतो. २८५ अश्वशक्ती म्हणजे मैदानात टनामागे जेमतेम २० अश्वशक्ती. लडाखच्या उंचीवर तेवढीही मिळत नाही.

नवे वाहन कुठे अडले?

त्याचे नाव ‘फ्युचरिस्टिक इन्फंट्री कॉम्बॅट व्हेइकल’, म्हणजे एफआयसीव्ही. २०१० मध्ये चार कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले गेले. ती प्रक्रिया बारगळली. २०१६ मध्ये पुन्हा सुरुवात झाली. जून २०२१ मध्ये लष्कराने १,७५० वाहनांसाठी नव्याने माहिती मागवली. दरम्यान, जून २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने मेडककडेच आणखी १५६ बीएमपी-२ची मागणी नोंदवली. किंमत सुमारे १,०९४ कोटी रुपये. वारसदार येईना म्हणून जुन्याचीच नवी प्रत, असा हा प्रकार.

तंत्रज्ञान देशात नाही, असे म्हणता येत नाही. डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रोचा ‘झोरावर’ हा २५ टनी हलका रणगाडा उभयचर आहे. म्हणजे आकारमान वाढवले, तर अधिक वजनही तरंगते. अहिल्यानगरच्या व्हीआरडीईने टाटांसोबत विकसित केलेले आठ चाकी चिलखती वाहन मोरोक्कोने घेतले असून तिथे कारखानाही सुरू झाला आहे. चाके रस्त्यावर वेग देतात, पण चिखलात आणि वाळूत रणगाड्याला साथ द्यायची तर पट्टेच हवेत.

तोवर ताफ्यातील ‘सारथ’मध्ये रात्री पाहण्याची साधने आणि नवी मारा-नियंत्रण प्रणाली बसवण्यावर भर आहे. त्याने तोफचीला दूरचे दिसेल. मागच्या सहा जणांच्या पाठीशी मात्र डिझेलची टाकी तशीच राहील.